अटल सेतूच्या तोंडाशी असलेल्या शिवडीला बस द्या

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम, मुंबई

प्रत : मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण

विषय : शिवडी स्थानकापासून अटल सेतूमार्गे उलवे-उरण बससेवा सुरू करण्याबाबत व अन्य मागण्या.

महोदय,

आम्ही शिवडी कोळीवाडा, बीडीडी चाळी आणि क्षयरोग रुग्णालयाच्या परिसरातील रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत.

अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. २१.८ किलोमीटरचा हा पूल आमच्या दारातून निघतो. पण त्यावर पायी जाता येत नाही, दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये. ज्याच्या घरी मोटार नाही त्याला बसशिवाय गत्यंतर नाही, आणि शिवडीत मोटार असलेली घरे ती किती! मार्च २०२४ मध्ये आपण सेतूवरून एस-१४५ ही बस सुरू केलीत, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. मात्र ती पूर्व मुक्त मार्गावरून थेट सेतूवर चढते. शिवडीकराने ती पकडायची तर आधी उलट्या दिशेने सीएसएमटी गाठायचे.

पलीकडे न्हावे, गव्हाण, जासई, चिर्ले ही गावे. तिथे आमची सोयरीक आहे, आता त्या बाजूच्या नव्या विमानतळामुळे आमच्या मुलांना तिकडे कामाचीही आशा आहे. ज्या दिवशी सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही सुरू झाली, हे खरे. पण शिवडीहून तिने जायचे म्हणजे हार्बरने वडाळा, कुर्ला, मानखुर्द, वाशी करत नेरूळला उतरायचे आणि तिथे उरणची गाडी धरायची. समोर दिसणाऱ्या किनाऱ्यासाठी अख्ख्या खाडीला वळसा!

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की शिवडी स्थानकाहून निघून सेतूमार्गे उलवे, जासई आणि उरणला जाणारी साध्या भाड्याची बस सुरू करावी. ऑगस्ट २०२५ पासून विजेवरच्या बसगाड्यांना सेतूवर पथकर माफ आहे. तेव्हा या मार्गावर विजेच्या गाड्या लावाव्यात, म्हणजे टोलचा भार तिकिटावर येणार नाही. तोवर निदान एस-१४५ च्या काही फेऱ्या शिवडीत थांबवून न्याव्यात.

या बसचा एक थांबा क्षयरोग रुग्णालयाच्या फाटकाशी हवा. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर महिनोन् महिने उपचार चालतात. धाप लागलेला माणूस चार पावले टाकतो, भिंतीला टेकतो, पुन्हा चालतो, हे आम्ही रोज पाहतो. त्याला गाडीची पायरीही उंच वाटते. इथे कमी उंचीच्या तळाच्या (लो-फ्लोअर) गाड्याच द्याव्यात.

दुसरी गोष्ट कोळिणींची. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायचा आणि पाणी गळणारी पाटी डोक्यावर घेऊन डॉकयार्ड रोड स्थानक गाठायचे. पाटी पाहिली की टॅक्सीवाला पुढे निघून जातो. धक्क्यावरून शिवडी कोळीवाड्याकडे पहाटेच्या दोन-तीन फेऱ्या सोडाव्यात आणि पाटीसाठी मागच्या दाराशी जागा राखावी. ही गाडी एकदा सुरू झाली की रिकामी धावणार नाही, याची खात्री आम्ही देतो.

राहिला प्रश्न लोकसंख्येचा. आमच्या एफ दक्षिण विभागाची अधिकृत लोकसंख्या आजही २०११ च्या जनगणनेतली, ३,६०,९७२ धरली जाते. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर किती टॉवर उभे राहिले, हे परळपासून शिवडीपर्यंत चालत येणाऱ्याला दिसते. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, तिचे आकडे हाती यायला आणखी वेळ लागेल. तोपर्यंत न थांबता आपल्या वाहतूक विभागाने शिवडी स्थानक, रुग्णालय आणि कोळीवाडा या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ प्रवासी मोजावेत. मोजणीस आमचे तरुण मदतीला येतील.

महानगर आयुक्तांना विनंती, की सेतूला वरळीशी जोडणारा साडेचार किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला होईल तेव्हा त्यावरून बस चालवण्याचा आणि शिवडीत चढण्या-उतरण्याच्या जागेचा आराखडा आताच बेस्टसोबत बसून ठरवावा. पूल बांधून झाल्यावर थांब्याला जागा उरत नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हांला वेळ द्यावा आणि घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
शिवडी परिसरातील रहिवासी