नक्कल कोणाची?

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत लाकडी ठशांनी छापलेल्या रंगीत चित्राविषयी एक मत ऐकू येते : “सुरेख आहे खरे, पण छापीलच ना! अस्सल नव्हे, नक्कल.” या मताचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

नक्कल म्हणणाऱ्याने अस्सल दाखविले पाहिजे. जपानी चित्रकार होकुसाई याचे कानागावाच्या किनाऱ्यालगत उसळलेल्या महालाटेचे, मागे फुजी पर्वत दाखविणारे चित्र सुमारे १८३१ चे. या कामाची रीत अशी की, चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवावयाचे आणि कोरक्याने त्या कागदासकट फळी कोरावयाची. रेखाटन तेथेच संपते! मग निरनिराळ्या रंगांचे ठसे करून, खुणेच्या खाचांत कागद बसवून, एकेक रंग हाताने घासून उठवावयाचा. म्हणजे पहिला छाप निघेपर्यंत ते रंगीत चित्र जगात कोठेच नसते. मग हा छाप नक्कल कोणाची?

गैरसमजाचे मूळ आम्हांस दिसते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या तैलचित्रांचे शिळाछाप घरोघर पोचले. त्या उपकाराचे मोल आम्ही जाणतो. परंतु तेथे मूळ तैलचित्र वेगळे होते. तोच न्याय ठशाच्या चित्रास लावणे हा अन्याय होय.

“वऱ्हाडात समुद्राचे चित्र कशाला?” असेही कोणी म्हणतात. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी सोडले तर समुद्राची खूण आमच्याकडे नाही, हे कबूल. पण जे दारी नाही तेच भिंतीवर हवे!

होकुसाईचे हे छाप त्या काळी सामान्य नागरिकास परवडत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात महालाटेचा एक छाप २७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. किंमत हा कलेचा पुरावा नव्हे. तथापि गंमत अशी की, त्याच लाटेचा यंत्रावर काढलेला कागद, जो खरोखर नक्कल आहे, तो आपण निःशंकपणे टांगतो. आणि आपल्याच एखाद्या तरुण चित्रकाराने स्वतः कोरून, छापून, सही केलेले चित्र मात्र ‘छापील’ म्हणून परत करतो.

तैलचित्र विकत घेणे मध्यमवर्गास बहुधा झेपत नाही. अस्सल कलाकृती घरी आणण्याचा जो एक मार्ग त्यास मोकळा आहे, तो केवळ एका शब्दाच्या धाकाने त्याने बंद करू नये, एवढेच आमचे मागणे.