मोतीबिंदूची लेन्स आणि वाचणारे डोळे

मोतीबिंदूचे ऑपरेशन आता घरोघरी होते. पट्टी निघाली, समोरच्या दुकानाची पाटी लख्ख दिसली की आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणतो. पण ज्यांचा दिवस पुस्तके, वर्तमानपत्र आणि तिलावत यांत जातो, त्यांनी ऑपरेशनपूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा : लेन्स कोणत्या अंतरासाठी बसवणार?

१९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडले यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली. तेव्हापासून खूप सुधारणा झाल्या, तरी साधी लेन्स आजही एकाच अंतराचे स्पष्ट दाखवते. सहसा ती दूरचे दिसावे अशी निवडतात. मग वाचायला चष्मा लागतोच.

सर्वांत मोठा धक्का बसतो तो लहानपणापासून मायनस नंबर असलेल्यांना. ही मंडळी चष्मा कपाळावर सरकवून बारीक उर्दू टाइपही वाचतात. दूरची लेन्स बसली की ही सवलत संपते.

यावर मार्ग आहेत. डॉक्टर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास नंबर ठेवू शकतात. मग साधारण ४० सेंटिमीटरवरचे बिनचष्म्याने वाचता येते आणि चष्मा दूरसाठी लागतो. एक डोळा दूरसाठी, दुसरा जवळसाठी असेही करतात. ते सर्वांनाच मानवते असे नाही. मल्टिफोकल लेन्स दोन्ही अंतरे सांभाळते, पण महाग असते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, मंद उजेडात अक्षरे फिकी वाटतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला असेल, तर ती सहसा टाळतात.

म्हणून आम्ही सुचवतो, घरी टेप घ्या. हातातले मासिक, रेहलवरचा कुरआन, कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर असतो ते मोजा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. अम्मी-अब्बांच्या वतीने आपणच बोलून टाकू नये. काय वाचतात, कसे वाचतात हे त्यांनाच सांगू द्यावे. वुजू करताना डोळ्यात पाणी जाणे आणि सजद्यात वाकणे किती दिवस टाळायचे, तेही तिथेच विचारावे. तोवर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहेच.

लेन्स एकदा बसली की ती बदलणे सोपे नसते. घाई करण्याआधी पाच मिनिटे बोलून घ्यावे.