आधी आतून, मग बाहेरून

रविवारी सकाळी गाडी धुवायला घ्यायची आणि जेवणाची ताटे वाढली तरी हातातले फडके सुटायचे नाही, असे बऱ्याच घरांत होते. चुकतो तो क्रम. बाहेरून चकचकीत केल्यावर आतली धूळ झटकली, तर ती ओल्या पत्र्यावरच बसणार! म्हणून प्रथम मॅट धुऊन वाळत टाका. मग डॅशबोर्ड पुसा, सीट झटका. व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत शेवटी, कारण धूळ खालीच पडते.

बाहेर मात्र चाके आधी, नंतर छपरापासून खाली. चाकांचे फडके वेगळेच हवे. त्यातली वाळू बॉनेटवर घासली गेली, की रंगावर बारीक ओरखडे उठतात आणि ते धुऊन जात नाहीत. बादल्याही दोन घ्या, एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळून घ्यायची. कपड्यांची पावडर नको, तिने पॉलिश उतरते. गाडी सावलीत लावा. तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळून पांढरे डाग पडतात, बोअरच्या पाण्याचे तर हमखास.

मुले मदतीला आलीच, तर त्यांना काचा पुसायला द्या. चाके आणि त्यांचे फडके तुमच्याकडेच असू द्या.