ओहोटीला भरणारा वर्ग

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी अभयारण्यातून जाते, हे होडीतल्या किती जणांना ठाऊक असतं? इथे कुंपण नाही, फाटक नाही, वाघही नाही. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. त्यातला किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा तीनेक चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा.

किनाऱ्यावरच्या मुलांना शाळेत मात्र समुद्र भेटतो तो नकाशातल्या निळ्या रंगापुरता. तो खरा भेटायला महागडी साधनं लागत नाहीत, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. गाबित मच्छीमारांच्या घरात हे तोंडपाठ असतं. शिक्षकाने त्याला चंद्र-सूर्याच्या ओढीची जोड द्यायची.

उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं. तेव्हा मुलांना घेऊन खडकातल्या एखाद्या डबक्यापाशी उकिडवं बसावं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो. आत शिरून राहिलेला खेकडा पाय बाहेर काढतो. कडेला समुद्रफूल उमललेलं असतं. काही खुपलं की ते शुंडकं मिटून घेतं आणि खडकावर नुसता चिकट गोळा उरतो. पाहण्यासाठी दगड उलटला, तर तो होता तसाच ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला कुणाची तरी अंडी असतात आणि ती उन्हात सुकतात.

हेच समुद्रफूल प्रवाळाचं नातलग. किल्ल्याभोवतीच्या पाण्यातले प्रवाळ चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. नांगर पडला तर तो मोडतो आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. 2001 पासून हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

एवढं शिकवून थांबलं, तर मुलं घरी जाऊन काय सांगणार? या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, कारण मासेमारी बंद होऊन पोटावर पाय येईल ही भीती होती. हा वाद वर्गात यायलाच हवा. आई-वडिलांची बाजू गाळलेला धडा त्या मुलांच्या गळी कसा उतरेल?

त्यासाठी एखाद्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, शाळेत बोलवावं आणि त्याने जाळ्यांचे दोन तुकडे आणावेत. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातलं भोक, ताण पडला की मिटतो आणि बोटभर पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस ओढल्यावरही उघडा राहतो, त्यातून पिल्लं निसटतात. दोन्ही तुकडे मुलांनी स्वतः ओढून पाहावेत, पट्टीने आस मोजावा आणि जून-जुलैची मासेमारी बंदी कशासाठी असते, हे तांडेलालाच विचारावं.