वास्तुकलेचे विद्यालय निवडताना

बारावीची परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "पुढे काय?" यंदा वर्गातील तिघांनी "वास्तुविशारद होणार" असे उत्तर दिले. मला आनंद वाटला, परंतु "कोणत्या विद्यालयात?" असे विचारताच तिघांनीही जाहिरातीची पत्रके पुढे केली, तेव्हा चिंताही वाटली.

चिंतेस कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक हुशार विद्यार्थी भव्य इमारत पाहून परगावच्या एका संस्थेत दाखल झाला. वडिलांनी कर्ज काढून शुल्क भरले. पुढे कळले की, त्या अभ्यासक्रमास वास्तुकला परिषदेची मान्यताच नव्हती! १९७२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून कोणासही 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. तेव्हा पालकांनी पहिली चौकशी मान्यतेची करावी.

दुसरी चौकशी शिक्षकांची. आपल्या मराठी घरांत मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयाचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. आमच्या कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे तेथेच शिकले. पण पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्यासारखा गुरू लाभला, तेव्हा त्यांच्या दृष्टीला नवे वळण मिळाले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी तर जे. जे. तील शिक्षण अर्धवट सोडून ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली राबले, आणि २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांच्या उमेदवारीच्या काळी मात्र १९७२ चा कायदा नव्हता, हे विसरू नये. आज पदवी हवीच. परंतु केवळ नावाने विद्या येत नाही.

म्हणून मुंबईचाच हट्ट कशाला? भोपाळला २००८ पासून केंद्र शासनाची नियोजन व वास्तुकला संस्था आहे; खुद्द ग्वाल्हेरीत माधव तंत्रज्ञान संस्थेतही हा विषय शिकविला जातो. तेथे समक्ष जावे, विद्यार्थ्यांची रेखाटने पाहावी, शिक्षक त्यांच्या टेबलाशी किती वेळ बसतात ते विचारावे. पाच वर्षांचा खर्च घरास झेपेल का, याचाही हिशेब आधीच मांडावा.

आणि मुलांनो, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन एकदा किल्ल्यावर जा. मानमंदिराच्या भिंतीवरील निळ्या फरशा आणि बदकांची रांग तासभर रेखाटा. त्या तासाचा कंटाळा आला, तर पाच वर्षे कशी काढाल? आणि वेळेचे भान हरपले, तर निम्मी निवड झालीच म्हणून समजा.