इतिहासाचा तास आणि मुलांची पावले

कलेच्या माध्यमातून अन्य विषय शिकवावेत, असा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धरला आहे. कल्पना नवी नव्हे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, तेव्हापासून बालशिक्षणात गीत व अभिनय यांना मान आहे. तथापि बालवाडी सुटली की मूल बाकावर बसते आणि इतिहास नेमका तेथून पुढे सुरू होतो.

महाराष्ट्रातील चौथीची मुले कित्येक दशके शिवचरित्र शिकत आली आहेत. पन्हाळ्याचा वेढा, १६६० च्या जुलैतील ती पावसाळी रात्र, विशाळगडाची वाट, घोडखिंडीतील बाजीप्रभूंचा पराक्रम, सारे त्यांना मुखोद्गत असते. परंतु नऊ वर्षांच्या मुलाला सनाच्या आकड्यावरून वा किलोमीटरांवरून कितीसा बोध होणार? तेच मूल खांद्यावर बांबू घेऊन, इतर तिघांच्या पावलाशी पाऊल जुळवीत मैदानाला दहा फेऱ्या घालील, तर पालखीला खांदेपालट का लागतो आणि पाठलागाचे घोडे तिला का गाठू शकतात, हे त्याला न सांगता उमगते.

असा खेळ मांडला की प्रत्येकाला शिवराय नाहीतर बाजीप्रभू व्हायचे असते. भोई व्हायला कोणी राजी नसते. खरा लाभ मात्र भोयाच्याच भूमिकेत आहे. मोट, जाते, नांगर, पालखी यांमागील श्रम पुस्तक एका ओळीत आटोपते; ते शरीराला चटकन कळतात. स्नेहसंमेलनात भाड्याचे पोशाख चढवून लाकडी तलवारी परजणे, याला इतिहासशिक्षण म्हणता येणार नाही. (त्या भाड्याचा बोजा पालकांवर पडतो, तो वेगळाच.) अभिनयात कल्पना शिरते, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच खेळ संपल्यावर ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असे विचारणारा शिक्षक हवा.

तो आणायचा कोठून? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही पट शंभराहून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. म्हणजे चौथीला पन्हाळा शिकविणाऱ्या शिक्षकावर त्याच वेळी आणखी एकदोन वर्गांची जबाबदारी असते. त्याने मुलांना मैदानावर न्यावे, तर उरलेल्यांकडे पाहायचे कोणी?

पोशाख, रंगमंच, ध्वनिक्षेपक यांपैकी कशाचीच येथे गरज नाही. खर्च आहे तो माणसाच्या वेतनाचा, आणि धोरणाच्या घोषणेत तोच दिसत नाही. प्रत्येक केंद्रशाळेला एक निदेशक देऊन तो परिसरातील लहान शाळांत आळीपाळीने पाठविता येईल. त्यासाठी राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम दाखवावी लागेल आणि ती दरवर्षी दाखवावी लागेल.