तुमचा एक्स-रे आणि पुण्याचा महासंगणक

"डॉक्टर, आता म्हणे कॉम्प्युटरच एक्स-रे वाचतो. मग तुमचं काय काम?" असं हल्ली रुग्ण हसत हसत विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, "तो कॉम्प्युटर शिकला कोणाचे एक्स-रे बघून?"

हा प्रश्न तुमच्या तब्येतीचा आहे. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हजारो फोटो पाहून शिकते. ते बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतील, तर सावळ्या त्वचेवरचा डाग ओळखताना ती चुकू शकते. कोरोनात तुम्ही घरी आणलेला पल्स ऑक्सिमीटर आठवा. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये तो कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं.

म्हणून आपल्या रुग्णांसाठीची साधनं आपल्याकडे घडायला हवीत, निदान आपल्या रुग्णांवर तपासली तरी जायला हवीत. त्यासाठी मोठी गणनशक्ती लागते आणि ती एकट्या कॉलेजला परवडत नाही.

मग उपाय काय? एमआरआयचं मशीन प्रत्येक दवाखान्यात नसतं. ते एका सेंटरवर असतं आणि आम्ही सगळे डॉक्टर चिठ्ठी देऊन रुग्ण तिथे पाठवतो. महासंगणकाचंही तसंच. त्यातले हजारो प्रोसेसर एकाच कामाचे तुकडे वाटून घेतात. संशोधक आपल्या गावातून नेटवरून काम पाठवतो, नंबर लागला की ते होतं आणि उत्तर परत येतं.

यात आपण मागे नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्येच 'परम ८०००' बनवला. २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. त्यातून पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आला. २०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' जागतिक यादीत ६३ वा होता.

माझं म्हणणं एवढंच, की या यंत्रांचे काही तास जिल्ह्याच्या वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांसाठी राखून ठेवा. "शिकाऊ पोरांना एवढं महाग यंत्र कशाला?" असं कोणी म्हणेल. पण आम्हीही रुग्णाच्या खाटेशी उभं राहूनच शिकलो, नुसत्या पुस्तकातून नाही.

तुम्हीही दोन गोष्टी करा. मुलाला एआयच्या कोर्सला घालताना कॉलेजला विचारा, "प्रत्यक्ष काम करायला कोणता संगणक मिळतो?" आणि संशोधनासाठी तुमचा एक्स-रे मागितला, तर नाव-पत्ता काढूनच वापरणार ना, हे विचारा. खात्री पटली तरच संमती द्या. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये.

पण खात्री पटली, तर जरूर द्या. तुमच्या एक्स-रेवरून शिकलेलं यंत्र उद्या तुमच्या नातवाचा एक्स-रे जास्त बरोबर वाचेल.